गिरधर डॉक्टरांची साक्ष

गिरधर डॉक्टर नंदुरबारात आले ते इन्फ्लुएंझाच्या साली. अख्खं गाव अंथरुणाला खिळलेलं असताना ते स्वतः दोन पायांवर उभे होते, आणि त्यांचं नाव झालं ते मुख्यतः याच कारणानं. औषधानं किती जण वाचले हे कोणालाच सांगता आलं नसतं. जे गेले ते तक्रार करायला आले नाहीत आणि जे उरले त्यांनी डॉक्टरांना देवमाणूस ठरवून टाकलं. डॉक्टरांना ते मुळीच अवघड वाटलं नाही. साथ आपल्याला शिवली नाही ती आपल्या राहणीमुळे आणि गाव आडवं झालं ते गावाच्या राहणीमुळे, असं त्यांचं पक्कं मत होतं. ते त्यांनी तापानं फणफणलेल्या माणसांच्या उशाशी बसूनही बोलून दाखवलं.

मूळचे ते शहाद्याकडच्या कळसाडीचे. घरी कापूस, ऊस, बैलांच्या जोड्या, आणि शिकलेलं कोणी नाही. गिरधर पुण्याच्या मेडिकल स्कुलातून परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत सनद होती, मुद्गलांची जोडी होती आणि डोक्यात गाण्याचं वेड होतं. कळसाडीत पंधरवडा काढून त्यांनी जाहीर केलं की इथली माणसं बेसूर बोलतात. भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी नंदुरबारला दवाखान्यासाठी जागा शोधायला निघाले.

नंदुरबारातही बेसूर माणसं होतीच, पण ती निदान रोगी म्हणून येत होती. डॉक्टर पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करायचे, मुद्गल फिरवायचे, स्टेशनापर्यंत झपझप चालत जाऊन यायचे. चहाचं नाव काढलं की नाक मुरडायचे. पोटदुखी घेऊन आलेल्या मजुराला ते आधी विचारीत, "व्यायाम काय करतोस?" दिवसभर कापसाच्या गासड्या उचलून आलेला तो माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत राही. मग डॉक्टर एक सुस्कारा टाकत आणि औषधाची बाटली भरत.

शरीराच्या पाठोपाठ त्यांनी मन हाती घेतलं. गावाच्या वाचनालयात ते 'मनाचे आरोग्य आणि नाद' या विषयावर व्याख्यान देत. उन्हाळ्यात द्यायचे, त्यामुळे गर्दी बरी असे; वाचनालयाच्या भिंती जाड होत्या आणि आत गारवा होता. वकील मंडळी पुढच्या रांगेत डुलक्या घेत. समोर बसून केलेलं गाणं माणसाचं चित्त ठिकाणावर आणतं, असा त्यांचा सिद्धांत होता. समोर बसून केलेलं, यावर जोर. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं मोठ्या हौसेनं ग्रामोफोन आणला आणि डॉक्टरांना ऐकायला बोलावलं. डॉक्टरांनी एक तबकडी ऐकून घेतली आणि म्हणाले, "डब्यातलं दूध तान्ह्या पोराला पाजतात, शेटजी. ज्याची आई मेलेली असते त्याला." शेटजींची आई नुकतीच गेली होती. ते पुन्हा दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

स्वतः डॉक्टर गाणं ऐकायला आगगाडीनं सुरतेला जायचे. दवाखान्याला कुलूप पडायचं. परत आले की दोन दिवस कोणाशी धड बोलायचे नाहीत, कारण बोलण्यालायक कोणी सापडायचं नाही. त्यांची बायको मंगलाबाई कळसाडीच्याच शिवेवरची. शाळा तिनं पाहिली नव्हती आणि नवऱ्याचं शुद्ध मराठी ऐकून ती कधी दबली नव्हती. एकदा ती म्हणाली, "तुम्हले माणूस आवडस नही. फक्त त्याना गळा आवडस." डॉक्टरांना हे वाक्य आपली स्तुती वाटली. त्यांनी ते दोन-तीन जणांना सांगितलंही.

चौतीस सालच्या होळीनंतर रनाळ्याचा वीरसिंग दवाखान्यात आला. रोगी नव्हता. धोतर परीटघडीचं, पायात नवा जोडा. सगळे रोगी जाईपर्यंत तो बाकावर बसून राहिला आणि मग आत येऊन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मन्हा मोठा भाऊनं डोकं फिरेल शे. वावरकडे दखत नही, कोणाशी बोलत नही. एक सारंगीवाला घरमा आणीसन बसाडेल शे. दुपारभर तेच आयकत बठस. तुम्ही फक्त लिखी द्या."

"काय लिहून देऊ?"

"का तो येडा शे."

"म्हणजे जमिनीचा कारभार तुमच्या हाती येईल."

वीरसिंगला लाज वाटली नाही. "वावर पडीत पडी ऱ्हायनं, साहेब. कोन्ही तरी दखालेच जोयजे ना?"

डॉक्टरांना त्या माणसाची किळस आली. त्याला तिथल्या तिथे हाकलायचं त्यांच्या मनात होतं. पण सारंगी हा शब्द त्यांच्या कानात राहिला होता. "रोग्याला बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही," ते म्हणाले. वीरसिंगनं लगेच दमणी पाठवायचं कबूल केलं. बैल चांगले होते. डॉक्टर जेवणवेळेच्या आत रनाळ्यात पोचले.

मोठा भाऊ भीमसिंग पन्नाशीच्या आतबाहेरचा, उंच, बंडीच्या गळ्यात मान हरवलेली. तरुणपणी तो मामाकडे बडोद्याला राहिला होता. तिथं त्याला गाण्याची गोडी लागली आणि स्वच्छ मराठीही आलं. सारंगीवाला भिकन हा बडोद्याचाच, म्हातारा, खडूस. ज्या गाणारणीच्या मागं तो आयुष्यभर बसला ती मुंबईला सिनेमात गेली आणि सिनेमाला म्हातारा सारंगीवाला नको होता. भीमसिंगनं त्याला आणून आपल्या ओसरीमागच्या खोलीत ठेवलं होतं. रनाळ्याला यात वेड दिसलं होतं.

डॉक्टरांनी नेमून दिल्यासारखे प्रश्न विचारले. आज तिथी कोणती?

"अमावास्या. उद्या पाडवा," भीमसिंग म्हणाला. "वीरसिंगनं तुम्हाला सण बघून आणलंय."

"शेताकडे का जात नाही?"

"थकतो. बांधापर्यंत गेलो की पाय शिसाचे होतात. आधी वाटलं उन्हाचं असेल. आता तर सकाळीच दमलेला असतो. भिकन वाजवायला बसला की तेवढा वेळ थकवा कळत नाही."

यातलं शेवटचं वाक्य डॉक्टरांनी ऐकलं आणि त्यांचं तोंड उजळलं. सोळा वर्षं ते वाचनालयाच्या भिंतींना जे सांगत होते ते हा माणूस आपण होऊन बोलत होता. आधीची वाक्यं त्यांच्या कानावरून तशीच गेली.

भिकननं भीमपलास धरला. पहिल्या चार-दोन सुरांतच डॉक्टरांची मान डोलू लागली आणि त्यांच्या तोंडून "क्या बात है!" निघालं. भिकननं गज थांबवला. "साहेब, अभी कुछ हुआ नही," तो म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर डॉक्टर उठून गेले असते. इथं मात्र ते दुपार टळेपर्यंत हलले नाहीत. सुरतेत त्यांनी भरल्या दिवाणखान्यांतून गाणं ऐकलं होतं, पानदान फिरवणाऱ्या हातांच्या आणि खाकरणाऱ्या शेटजींच्या मधून. इथं फक्त तिघं होते. वाद्य हातभर अंतरावर होतं आणि शेवटी शेवटी तर त्यांना भिकनच्या बोटांच्या नखांचं घासणंही ऐकू येऊ लागलं.

निघताना ओसरीवर भीमसिंगची बायको धनुबाई उभी होती. डोईवरचा पदर पुढं ओढून ती घाईघाईनं म्हणाली, "डॉक्टर, त्यास्नं पानी पेनं दखा. माठ ना माठ पितस. अंग कसं सुकाई गयं. आनि पायले फोड शे, तो बरा व्हत नही."

डॉक्टरांना तिथंच कळलं. ते उगीच डॉक्टर झाले नव्हते. तहान, वाळणं, थकवा, न भरणारी जखम; मेडिकल स्कुलातल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही मधुमेह ओळखू आला असता. पिशवीत परीक्षानळी होती, स्पिरिटचा दिवा होता. लघवी तपासणं चुटकीसरशी झालं असतं.

"उन्हाळा आहे, बाई," ते म्हणाले. "तहान लागणारच. फोडाला मलम पाठवतो."

दमणीत बसल्यावर त्यांनी स्वतःशी हिशेब जुळवला, आणि तो जुळलाही. आत्ता आजार काढला तर वीरसिंग तेच धरून बसेल. भाऊ खंगलाय, कारभाराला नालायक आहे, असं कोर्टात सांगेल. आधी डोक्याचा निकाल लागू दे, मग शरीराचं बघू. शिवाय पथ्य सुरू झालं की ती खोली दवाखाना होणार, माणसं येणार-जाणार, काढे उकळणार, भिकन कंटाळून निघून जाणार. म्हणजे भीमसिंगचं मनच ढासळायचं. मनच तर मुख्य. हे सगळं रोग्याच्या भल्याचं होतं. इतकं भल्याचं की वाटेत बैल दोनदा थांबले तरी डॉक्टर गाडीवानावर ओरडले नाहीत.

मग ते दर आठवड्याला रनाळ्याला जाऊ लागले. याला ते निरीक्षण म्हणत. वीरसिंग खुशीत होता. डॉक्टर एवढ्या खेपा घालतोय म्हणजे वेड मोठं असणार असा त्याचा हिशेब. दमणी त्याची, बैल त्याचे. भावाला बुडवायला म्हणून आणलेला माणूस भावाच्याच गादीवर तक्क्याला टेकून मुलतानी ऐकतोय हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. डॉक्टर येताना भीमसिंगसाठी सुरतेची मिठाई आणत. भीमसिंगला गोड आवडायचं आणि डॉक्टर त्याला ते खाताना बघत बसायचे. धनुबाई दर खेपेला पायाचं बोलायची. दर खेपेला डॉक्टर पुढच्या खेपेचं ठरवायचे.

मंगलाबाईनं एकदा विचारलं, "रोगी कोन शे? तो का तुम्ही?"

"तुला नाही कळायचं," डॉक्टर म्हणाले.

"माले कळस," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

वीरसिंगनं अखेर धुळ्याच्या कोर्टात अर्ज केला आणि साक्षीदार म्हणून डॉक्टरांनाच बोलावलं. इतक्या खेपांना दमणी जुंपल्यावर हा माणूस उलटेल असं त्याच्या वकिलालाही वाटलं नव्हतं. डॉक्टर साक्षीला काळा कोट घालून उभे राहिले आणि बोलू लागले. भीमसिंगचं मन शाबूत आहे, स्मरण तल्लख आहे, व्यवहार कळतो. जो माणूस चार तास एका रागाचा धागा न सोडता ऐकू शकतो त्याला वेडा म्हणणाऱ्यांनी आपली डोकी तपासून घ्यावीत. कोर्टात हशा पिकला. डॉक्टरांना ऐकणारे मिळाले की थांबणं जमत नसे. वाचनालयात निदान लोक झोपत. इथं सगळे जागे होते.

वीरसिंगचा वकील चिडून म्हणाला, "मन राहू द्या. शरीर? कारभार करण्याइतकी प्रकृती आहे?"

आता खरं सांगायची वेळ होती. आजार आहे, उपचारानं आटोक्यात येईल, मनाशी त्याचा संबंध नाही, एवढं म्हटलं असतं तरी अर्ज बहुधा फेटाळलाच गेला असता. पण ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार होता, की मग इतके दिवस उपचार का केला नाही. आणि भाषण रंगात आलं होतं.

"मन आणि शरीर वेगळं काढता येत नाही, वकीलसाहेब," डॉक्टर म्हणाले. "ज्याचं मन असं सुरात आहे त्याचं शरीर सुदृढच असतं. या गृहस्थांची प्रकृती उत्तम आहे."

गीतेवर हात ठेवून ते असं बोलले. मागच्या बाकावर भीमसिंग बसला होता. आपली प्रकृती उत्तम आहे हे एका डॉक्टरच्या तोंडून ऐकून त्याला बरं वाटलं आणि त्यानं ते खरंही मानलं. अर्ज फेटाळला गेला. येताना डॉक्टरांनी स्टेशनवर पेढे वाटले. भीमसिंगनं दोन खाल्ले.

श्रावणात रनाळ्याहून गडी धावत आला. डॉक्टर पोचले तेव्हा खोलीच्या दारातच वास आला. मलमाखालचा फोड तळव्यातून वर चढला होता. दोन बोटं काळी ठिक्कर पडली होती आणि घोट्यापर्यंत सूज होती. भीमसिंग तापानं बरळत होता. आता डॉक्टरांनी दिवा पेटवला, नळी धरली. औषध टाकून उकळल्यावर नळीतलं निळं पाणी विटेसारखं लाल झालं; लघवीत साखर भरपूर होती. धनुबाई बघत होती. तिला नळीतलं काही कळत नव्हतं, डॉक्टरांचं तोंड मात्र कळत होतं. तिनं लघवी आणलेली वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली.

धुळ्याला नेऊन पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर बरोबर गेले, मुंबईहून तारेनं इन्सुलिन मागवलं, खाटेजवळ बसून राहिले. त्यांची पहाटेची आंघोळ चुकली, मुद्गल राहिले. वॉर्डातल्या चहावाल्यानं पुढं केलेला कप त्यांनी न बघताच तोंडाला लावला.

ताप उतरल्यावर एका सकाळी भीमसिंगनं विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला हे कळलं कधी?"

खोटं बोलायला जागा होती. पण धनुबाई पायथ्याशी बसली होती. "पहिल्याच दिवशी," डॉक्टर म्हणाले.

"मग?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. वीरसिंगचा डाव, कोर्ट, मनाचा निकाल आधी लागण्याची गरज. दमणीत जुळवलेला हिशेब जसाच्या तसा. बोलताना त्यांना स्वतःलाच तो पातळ वाटायला लागला, तरी ते शेवटपर्यंत गेले. "मी तुम्हाला वेडं ठरू दिलं नाही," ते म्हणाले.

"वेडा मी नव्हतोच," भीमसिंग म्हणाला. "ते मला ठाऊक होतं. पायाचं ठाऊक नव्हतं. ते सांगायला डॉक्टर लागतो."

डॉक्टर खाटेवरची चादर सारखी करू लागले.

"वीरसिंग जमिनीसाठी यायचा," भीमसिंग पुढं म्हणाला, "आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. तुम्ही सारंगीसाठी यायचात. मी तुम्हाला दोस्त समजत होतो." त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

भीमसिंग त्यानंतर सात वर्षं जगला. कुबडीवर, पथ्यावर, दोन वेळच्या सुईवर. सुई टोचायला डॉक्टरांनीच धनुबाईला शिकवलं. ती शिकली, पण शिकताना एकदाही त्यांच्याकडे वर बघितलं नाही. डॉक्टर आठवड्याला रनाळ्याला जातच राहिले, आता भाड्याच्या टांग्यानं, उरलेला पाय तपासायला. यायचं कोणी सांगितलं नव्हतं आणि येऊ नका असंही कोणी म्हटलं नाही. एकच गोष्ट बदलली होती. डॉक्टरांचा टांगा दारात दिसला की भिकन गज खाली ठेवायचा. धनुबाईचा तसा हुकूम होता. डॉक्टर पाय बघत, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवून बघत, औषध देत, उठत. टांगा वेशीबाहेर जाईपर्यंत त्या घरात सूर निघत नसे.

वीरसिंग एकदा नंदुरबारच्या बाजारात भेटला. त्याला सगळं कळलं होतं. "साहेब," तो दात काढून म्हणाला, "मी भाऊले येडा ठराई ऱ्हायंतू, तुम्ही तर लंगडाच करी टाका!" आजूबाजूचे चार जण हसले. डॉक्टर त्याच्यापुढून निघून गेले.

वाचनालयानं पुढल्या उन्हाळ्यात व्याख्यानाला बोलावलं तेव्हा त्यांनी नकार दिला, पण तोही धड नम्रपणे नाही. "झोपायला तुम्हाला माझी गरज नाही," असं त्यांनी चिटणिसाला सांगितलं. सुरतेच्या फेऱ्या बंद पडल्या. दवाखान्यात मात्र एक नवं खूळ शिरलं. खोकल्याचा रोगी असो की कानाचा, डॉक्टर त्याला आधी पायताण काढायला लावत आणि तळवे उलटून बघत. चिखलात राबून आलेल्या माणसांना संकोच वाटायचा. शिकलेले लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड लागलं. पोरं त्यांना मागून 'पायडॉक्टर' म्हणत. डॉक्टरांनी कोणाला कारण सांगितलं नाही. लोकांविषयीचं त्यांचं मत काही सुधारलं नव्हतं. पण आता ते मत जाहीर करण्याआधी तळवे बघत एवढंच.

चाळीस सालच्या हिवाळ्यात एकदा टांग्याचं चाक रनाळ्याच्या अलीकडे मोडलं. डॉक्टर पिशवी घेऊन शेतातून पायी निघाले आणि गावात मागच्या बाजूनं शिरले. भीमसिंगच्या परसातल्या काट्यांच्या कुंपणापाशी आले तर आत सारंगी चालू होती. दारात टांगा दिसला नव्हता, त्यामुळे कोणाला खबर नव्हती. दुपार कलायला आली होती. भिकन मुलतानी वाजवत होता. हात म्हातारे झाले होते, पण सूर जागेवर होते. मधेच भीमसिंगचा दाद देणारा हलका आवाज आला.

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. सहा वर्षांत त्यांनी गाणं म्हणावं असं काही ऐकलं नव्हतं. कुंपणाजवळ म्हशीचा गोठा होता, त्याच्या आडोशाला उभं राहिलं असतं तर शेवटपर्यंत ऐकता आलं असतं. ते तिथं उभे राहिले. श्वास जरा मोठ्यानं होतोय असं वाटून त्यांनी तो आवरला. तेवढ्यात धनुबाई गोवऱ्यांची टोपली घेऊन परसात आली. तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. ती वाकून गोवऱ्या भरू लागली.

डॉक्टर मोठ्यानं खाकरले.

सारंगी जागीच थांबली. धनुबाईनं मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं, आणि टोपली तिथंच ठेवून परसाचं दार उघडायला गेली. डॉक्टरांनी पिशवी उचलली, धोतराला चिकटलेली कुसळं झटकली आणि आत जाऊन भीमसिंगच्या खाटेजवळ खाली बसले.

"पाय," ते म्हणाले.